काळ्या घळीवरून

"बाबा, रविवारी आमच्याबरोबर वर येशील?"

विचारलं एकदाचं. मीठ मागावं तितक्या सहज विचारलं, आणि लगेच सुपातल्या गोळ्याचे चमच्याने उगाचच दोन तुकडे केले. मांडीवर फोन होता, आणि फोनच्या पलीकडे, इन्सब्रुकला, आपापल्या घरी माझ्या वर्गातल्या सेल्मा आणि योलांडा वाट बघत बसल्या होत्या. मी हे विचारूच शकणार नाही अशी त्यांची पैज. तशी फुशारकी मीच मारून ठेवली होती. माझा बाबा म्हणजे गाल्टनाऊच्या डोंगरांचा चालताबोलता नकाशा, आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना दर बुधवारी वर घेऊन जातो, कुणी नुसतं 'येतोस का' म्हटलं की ह्याच्या पायात बूट! सेल्मा म्हणाली, "दर बुधवारी? मग तुझ्या यंदाच्या एकाही फोटोत तो कसा नाही गं?" योलांडा तिला म्हणाली, "अगं, तुझे ते पांढरे कापडी बूट बघून कुठला वाटाड्या तयार होईल? त्यालाही काही अब्रू आहे." आणि मग दोघी एकदम सुरू झाल्या, "विचारून दाखव. आजच. जेवताना. नाही विचारलंस तर सोमवारी फिजिक्सच्या तासाला बाकावर उभं राहून गुराख्यांसारखं योडल गायचं." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? हल्ली मी कशालाही हात्तिच्या म्हणते. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात माझा आवाज कसा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आता मी केस कापलेत, वादविवादात भांडते, शुक्रवारी घरी येताना बसचा ड्रायव्हर मला "काय आफ्रा, ह्या आठवड्यात कुणाला हरवलंस?" असं विचारतो. तर एक प्रश्न विचारायचा, त्यात काय मोठं.

बाबाने माझ्याकडे बघितलं नाही. तो खिडकीकडे बघत होता. खिडकीतून एरवी डोंगर दिसतो, पण पडदा ओढलेला होता, म्हणजे तो पडद्याकडेच बघत होता. "गुडघा," तो म्हणाला. त्याच क्षणी आई म्हणाली, "रविवारी तीन खोल्या रिकाम्या होतायत, चादरी कोण बदलणार?" दोन्ही उत्तरं एकमेकांवर आपटली आणि टेबलावर तशीच पडून राहिली, पावाच्या टोपलीशेजारी. बाबाच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, खुद्द गुडघ्यालाही माहीत असणार. तो उठला, "बॉयलर बघून येतो" म्हणाला आणि तळघराच्या जिन्याने खाली गेला, आणि त्याची पावलं त्या लाकडावर इतकी सरळ, इतकी भक्कम वाजली की आईने मान खाली घातली. फोन थरथरला. विचारलंस? हो. मग? मी लिहिलं, गुडघा. तिकडून हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले, एकापुढे एक, पाच-सहा. मीही एक पाठवला. पाठवला आणि वाटलं, हा चेहरा आता परत मागवता येणार नाही. बाबा खाली अंधारात बॉयलरसमोर उभा होता आणि त्याचं हसू करून मी ते इन्सब्रुकला पाठवून दिलं होतं.

त्या दोघींना काहीच माहीत नव्हतं असं नाही. त्यांना अर्धं माहीत होतं. कासियन काका गेला, हे मी सांगितलं होतं. फेब्रुवारीत, बर्फात, एवढंच. इन्सब्रुकच्या मुलींना तेवढं पुरतं, कारण तिथे सगळ्यांचंच कुणी ना कुणी बर्फात गेलेलं असतं, कुणाचे आजोबा, कुणाचा शेजारी; लोक हलकेच दुसरा विषय काढतात. पुढचं मी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात हिवाळ्यात रोज पहाटे समिती बसते. समिती म्हणजे कुणी मोठे लोक नव्हेत: शाळेचे मास्तर, रोपवेचे मॅनेजर, बेकर, माझा बाबा, आणि कासियन काका, जो स्कीच्या उतारांवर पहाऱ्याला असायचा. रात्री किती बर्फ पडला, वारा कुठून आला, कुठला उतार उघडायचा आणि कुठल्याला दोर लावायचा, हे ही पाच माणसं कॉफी पिता पिता ठरवतात आणि मग आपापल्या कामाला जातात. हिमलोटाच्या धोक्याचे आकडे एक ते पाच. एक म्हणजे काही नाही, पाच म्हणजे घराबाहेर पडू नका. तीन मधला. आमच्याकडे जानेवारीपासून मार्चपर्यंत बहुतेक दिवस तीनच असतो, म्हणून बाहेरचा माणूस तीन ऐकून थबकतो आणि आम्ही थबकत नाही. आमच्यासाठी तीन म्हणजे नेहमीचा सकाळचा पाव. चौथीत मास्तरांनीच शिकवलं होतं, सगळ्यांत जास्त माणसं तीनला जातात, कारण पाचला कुणी वर जातच नाही. आम्ही ते वाक्य सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं. मास्तरांनी त्याखाली तारा काढला होता. आणि त्या दिवशी तीन होता, आणि समितीने उतार उघडला होता, आणि मास्तरही समितीत होते.

ताटं उचलल्यावर मी नकाशा घेऊन न्याहारीच्या खोलीत गेले. पाहुणे गावात गेले होते. खोली पुसून, खुर्च्या सारून ठेवलेली. नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार मधाच्या बरण्या ठेवल्या, पेन्सिल घेतली. मला आखणी करायला मनापासून आवडतं. कुठे पाणी भरायचं, कुठे ऊन येईल, कुठे बसून खायचं, ढग दाटले तर कुठून उतरायचं, हे सगळं आधी कागदावर चालून बघायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपण नुसतं पाय टाकायचे. सेल्माची फर्माईश होती: "मध्यम हवं. सोपं नको, तिथे सगळे पेन्शनवाले काठ्या घेऊन येतात. अवघड नको, मी मरेन." योलांडाची होती की गाई नकोत, निदान वासरंवाल्या नकोत. मध्यम म्हणजे आमच्याकडे लाल खुणेची वाट: अरुंद, कुठे कुठे चढ, पाय सांभाळून टाकायचा, पण हात लावून चढावं लागत नाही. गावातून अशा वाटेने खिंडीपर्यंत जायचं, खिंडीतून पलीकडच्या उन्हाळी कुरणावर उतरायचं, तिथे ताक आणि ते मोडलेलं गोड धिरडं आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर खायचं, आणि संध्याकाळच्या आत खाली. सोपी गोष्ट. मी पेन्सिल चर्चवर ठेवली आणि निघाले.

जीपच्या रस्त्याने गेलं तर खडी, धूळ आणि पेन्शनवाले. गाईंच्या तळ्याकडून वळसा घेतला तर योलांडा तळ्यापाशीच झाडावर चढून बसेल, शिवाय तो रस्ता इतका लांब की धिरडं संपून जाईल. तिसरी वाट जंगलाच्या कडेने निघते, सपाट सपाट जाते, मग काळ्या घळीवरून लाकडी साकव ओलांडते आणि सूचिपर्णी झाडं संपतात तिथून सरळ खिंडीकडे चढते. हीच खरी मध्यम. डोळे मिटून कुणालाही सांगावी अशी. मी पेन्सिल त्या वाटेवर आणली, जंगलापर्यंत नेली, आणि मग बघते तर ती घळीच्या अलीकडेच खाली वळून जीपच्या रस्त्याला लागली होती. खोडलं. पुन्हा काढली. ह्या वेळी वरून, जिथे वाटच नाही अशा कातळावरून, घळीला टाळून पलीकडे उतरली. मी हसले, मोठ्याने, त्या रिकाम्या खोलीत. मग लक्षात आलं की यंदा पाहुण्यांना देतात त्या घडीच्या नकाशातही असंच केलंय. 'कुटुंबासाठी निवांत फेरी' म्हणून हिरवी ठिपक्यांची रेघ, छान गोलाकार, आणि घळीपाशी आली की ती हळूच बाजूला सरकते, रस्त्यावर सांडलेलं काहीतरी दिसल्यावर माणूस सरकतो तशी.

तिथे मार्टरल लागायला हवं होतं. आमच्याकडे डोंगरात जिथे माणूस गेला त्याच जागी ते लावतात, छोट्या छपराची रंगवलेली पाटी: वर निळ्या झग्यात मेरी, खाली तो माणूस आणि त्याला नेणारी गोष्ट, झाड म्हणा, वीज म्हणा, घोडा म्हणा, त्याखाली नाव, तारीख, आणि एक ओळ, काय झालं ते सांगणारी आणि वाटसरूला दोन क्षण थांब म्हणणारी. काकाचं मार्टरल जूनपासून तयार आहे. लाकूड बाबाने कोरलं, चित्र आईने रंगवलं. ते स्कीच्या तळघरात घोंगडीत गुंडाळून ठेवलंय. आधी बर्फ वितळायचा होता म्हणून राहिलं. मग पर्यटन कार्यालयातून कुणीतरी आलं आणि फार प्रेमाने म्हणालं की त्या वाटेवर लहान मुलं असतात, घाबरतात, तर आपण ते स्मशानाजवळच्या चॅपलपाशी लावलं तर? बाबा लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की कार्यालयातला माणूसच ओशाळला. आणि चॅपलपाशीही ते लागलेलं नाही, कारण ती ओळ रिकामी आहे. "ओळ सुचली की लावू," बाबा म्हणतो. गाव काही म्हणत नाही. गावाला ठाऊक आहे की ओळ सुचत नाहीये असं नाही, लिहवत नाहीये.

माझ्या डोक्यावर, फळीवर, कप होता. आमच्याकडे न्याहारीच्या खोलीत पाहुण्यांच्या निष्ठेची पदकं असतात, दहा वर्षं आलेल्यांची, वीस वर्षं आलेल्यांची, आणि त्यांच्या मधोमध माझा चांदीसारखा कप, वर स्कीवर वाकलेली एक मुलगी. रोज सकाळी कुणीतरी अंडं फोडता फोडता विचारतं, "अरे वा, हे कोण जिंकलं?" आणि मला म्हणावं लागतं, मी. कधी, विचारतात. फेब्रुवारीत. तो शनिवार. मी स्कीच्या शर्यतीत, आरंभाच्या फाटकात उभी होते, सगळं अंग तारेसारखं, आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. मला वाटलं टीव्हीवाले असतील. खरंच वाटलं! बस, आता बघाच म्हणून मी सुटले, आणि तशी मी आयुष्यात कधी गेले नव्हते. प्रत्येक वळण मला आधीच माहीत होतं. बर्फ माझ्या बाजूने होता. खाली पोचले, बोर्डवर माझं नाव सगळ्यांत वर आलं, मी दोन्ही हात वर केले, आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळी माणसं पाठमोरी होती. सगळी पलीकडे, घळीकडे बघत होती. आणि मला राग आला. हे मी कुणाला सांगू? मला राग आला की टाळ्या का वाजवत नाहीत. हात वर करून मी चांगली मिनिटभर तशीच उभी होते. आणि त्या मिनिटाला, मी नंतर कितीदा हिशेब मांडलाय, त्या मिनिटाला काका बर्फाखाली होता.

घळ आता हिरवी असेल. हे सगळ्यांत वाईट. जिथून बर्फाचा लोट खाली येतो तिथेच उन्हाळ्यात सगळ्यांत दाट उगवतं. बर्फ उशिरा वितळतो, माती ओली राहते, कमरेएवढी पानं, जांभळी फुलं, मधमाश्यांचा नुसता कल्लोळ. लहानपणी काका मला तिथे घेऊन जायचा आणि म्हणायचा, "बघ आफ्रा, पांढरी आजी इथून गेली, जाता जाता बाग लावून गेली." मी त्या बागेत गडप व्हायचे. आणि आता मी वर्गात उभी राहून बोलते, केस उडवते, लोक हसतात माझ्या विनोदांना, तेव्हा मधेच मला माझ्या आतून तो ओल्या पानांचा वास येतो. हे सगळं कुठून उगवलं? त्याच शनिवारपासून. त्याच्या आधी मी एक मुकी मुलगी होते आणि माझा काका जिवंत होता.

"दिवा लाव की, डोळे फोडून घेशील," आई म्हणाली. ती दुसऱ्या दिवशीची मांडणी करायला आली होती. हातात अंड्यांच्या कपांची चळत. मधाची एक बरणी उचलून तिने जागेवर ठेवली, नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला. मी तो हाताने दाबून धरला. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. खोडलेल्या रेघा दिसल्याच असणार.

"तळ्याकडून जा," ती म्हणाली.

"तिथे वासरं आहेत. योलांडा घाबरते."

"मग जीपच्या रस्त्याने जा."

"आई, तू तरी तो रस्ता कधी पाहुण्यांना सांगतेस का?"

"पाहुण्यांना काय, ते कुठेही खूश असतात." तिने कप मांडायला सुरुवात केली, प्रत्येक बशीच्या डाव्या हाताला एक. मग माझ्याकडे पाठ करून, एक कप अगदी नीट, फारच नीट ठेवत म्हणाली, "बाबाला पुन्हा विचारू नकोस हं."

"का?"

"का काय! त्याला वाटतं त्याच्यामुळे झालं."

"आणि झालं का?"

"नाही." ती वळली. हातात एक कप तसाच राहिला होता. "फोन मी केला होता. तो समितीच्या बैठकीत असताना. तू दारात बूट आपटत उभी होतीस, स्कीला मेण लावायचं राहिलं होतं, मी वैतागले होते. म्हटलं, अल्बान, पोरगी खोळंबलीय, आटपा तुमचं. एवढंच म्हटलं. दहा वर्षांत मी कधी बैठकीत फोन केला नव्हता." मग तिने तो कप माझ्या नकाशावर ठेवला, बरोबर खिंडीवर, आणि दिवा लावून निघून गेली.

मी दारात बूट आपटत उभी होते. ते बूट मला ऐकू यायला लागले, प्लास्टिकचे, लाकडी उंबऱ्यावर, ठक ठक ठक. इतके दिवस मी फक्त हात वर करून उभं राहिलेलं मिनिट मोजत होते, आणि त्याच्या आधी हे एक दार होतं. मग बाबा गाडीतून आला होता, नेहमीपेक्षा पुष्कळ आधी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, आणि तो शीळ घालत होता. ती शीळ मला तेव्हा किती आवडली होती! चल चल चल, म्हणत त्याने माझ्या स्की उचलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पाहुणे डोंगरावर गेल्यावर मी तळघरात गेले. खरं म्हणजे सेल्मासाठी बूट शोधायला. तळघरात स्कीचे खण, गरम हवेचे नळ, ओल्या कातड्याचा आणि मेणाचा वास. उन्हाळ्यातही तो वास जात नाही. बाबा बाकावर बसला होता. घोंगडी उलगडलेली, मार्टरल मांडीवर, आणि तो जुन्या फडक्याने त्याच्या छपराला तेल लावत होता. मला बघून त्याने ते झाकलं नाही. झाकायला हवं होतं असं त्याच्या हातांना वाटलेलं मात्र दिसलं.

"कुणाचे बूट शोधतेस?"

"सेल्मासाठी. ती कापडी घालून येणार आहे."

"पाय केवढा?"

"एक्केचाळीस."

"मुलीचा?"

"बाबा!"

"नाही गं, चांगलंय. वाऱ्याने उडणार नाही." तो थोडा हसला. "तिसरा खण. आईचे जुने आहेत, दोन मोजे घालायला सांग."

मी बूट काढले. मग निघायला हवं होतं, पण मी त्याच्यासमोर, उलट्या टोपलीवर बसले. आईने काकाला छान रंगवलंय, छोटासा, लाल जॅकेटमध्ये, स्कीवर, मान वर करून. पांढरं त्याच्यापासून अजून बोटभर लांब आहे. खाली नाव, तारीख. त्याखाली कोरी पट्टी.

"इतकं तेल पाजलंस तर ते बुळबुळीत होईल," मी म्हटलं.

"लार्चचं लाकूड आहे. पितं ते."

"बाबा, त्या दिवशी बैठक लवकर का संपली?"

फडकं थांबलं. वाटलं, आता गुडघा, आता बॉयलर. बॉयलर तर शेजारीच घुरघुरत होता, त्याला उठून जायला दुसरी जागाच नव्हती.

"आई बोलली वाटतं," तो म्हणाला. "तिचं ऐकू नकोस. फोनचं काही नाही. फोन तर मी ऐकला आणि लगेच बंद केला." मग फडक्याची घडी करायला लागला, अर्धी, पुन्हा अर्धी. "कासियन म्हणाला होता, घळीच्या माथ्यावर रात्री वाऱ्याने काय आणून टाकलंय ते अंधारात कळत नाही, उजाडू दे, एकदा बघतो, मग ठरवू. उजाडायला अर्धा तास असेल. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. सगळे थांबायला तयार होते. आणि मी घड्याळाकडे बघितलं." त्याने आपलं मनगट वर केलं, त्यावर कातडीचा फिकट पट्टा उरला होता, घड्याळ नव्हतं. कधीपासून नाही, मला आठवेना. "बोललो काही नाही. नुसतं बघितलं. तो समोरच बसला होता. तो हसला, आणि म्हणाला, 'जा रे, पोरीची शर्यत आहे ना. मी उघडतो, आणि जाता जाता माथ्यावर नजर टाकतो.' मग सगळेच उठले."

"तो हसला?"

"हो."

"कसा?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा. एका बाजूने."

मला तो दिसला. एका बाजूने हसणारा, टोपी मागे सारलेला, माझ्या शर्यतीसाठी माझ्या बापाला मोकळं करणारा काका. मी इतके महिने त्याला फक्त खाली, पांढऱ्याच्या आत बघत होते. घरात आम्ही तिघं, आणि तिघांनी त्या एका पहाटेचा एकेक तुकडा आपापल्या खिशात लपवून ठेवला होता, दुसऱ्याच्या हाताला कापेल म्हणून. बूट, फोन, घड्याळ. कुणाचाच तुकडा एकट्याने पुरेसा नव्हता. आणि कुणाचाच खोटा नव्हता, हेही खरं. मला वाटलं होतं की कळलं की हलकं वाटेल. हलकं वाटलं नाही. फक्त हे कळलं की हे वजन एका माणसाने उचलायचं नाहीच आहे.

"मग ह्या पट्टीवर काय लिहू मी?" बाबा म्हणाला. "तूच सांग. तू हल्ली खूप बोलतेस."

मी, जी कशालाही हात्तिच्या म्हणते, ती सेल्मासाठीचे बूट छातीशी धरून बसून राहिले.

दुपारी मी अंगणातल्या लाकडाच्या ढिगावर बसून दोघींना फोन लावला आणि सगळं सांगितलं. हेलिकॉप्टर, हात, राग, बूट, फोन, घड्याळ. मधे मधे मला रडू येत होतं आणि मधे मधे मी घाईघाईने विनोद करत होते, आणि त्या विनोदांना पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

"आम्ही तुला पैज लावली," योलांडा म्हणाली. "अगं, आम्ही गाढव आहोत."

"तुम्हाला कुठे माहीत होतं."

"तरी. मला आता माझ्या तोंडात मारावीशी वाटतेय."

सेल्माने नाक ओढलं. मग तिच्या रोजच्या, बाजारात भाव करतात तसल्या आवाजात म्हणाली, "ती पाटी जड किती आहे?"

"काय?"

"पाटी गं. मार्टरल. एकटीला उचलेल का? की पाळीपाळीने घ्यायची? माझे खांदे बरे आहेत, पाय काही सांगू शकत नाही."

"आणि वाटेत वासरं आहेत का?" योलांडाने विचारलं.

"त्या वाटेला नाहीत."

"मग झालं तर."

मी फोन ठेवला आणि न्याहारीच्या खोलीत गेले. नकाशा तिथेच होता, खिंडीवर अंड्याचा कप. मी तो उचलला. पेन्सिल चर्चवर ठेवली, जंगलाच्या कडेपर्यंत नेली, आणि ह्या वेळी तिला मनगटाने घट्ट दाबून धरली, कारण ती पुन्हा खाली वळू बघत होती. घळीवरून गेली. सरळ. साकवाच्या अलीकडे, काठावर, मी एक बारीक फुली केली. तिथे एक लार्चचं झाड लोटातूनही उभं राहिलंय असं बेकर एकदा सांगत होता. रेघ मुळीच सुंदर आली नाही. मला भीतीही वाटत होती, खरं सांगते, बाबा चिडेल म्हणून नाही, तर उद्या मी त्या हिरव्या बागेत उभी असेन, ऊन असेल, मैत्रिणी असतील, आणि मला आनंद होईल, म्हणून. होणारच मला. माझं काही सांगता येत नाही. पण तो आनंद तिथे, काकासमोरच होऊ दे. इथे फळीवरच्या त्या चांदीच्या कपाखाली बसून चोरून नको.

संध्याकाळी पुन्हा सूप होतं, शेवयांचं. फोन मी वर खोलीत ठेवून आले होते. आई वाढत होती, बाबा पाव कापत होता, आणि खिडकीचा पडदा मी जेवायला बसायच्या आधीच बाजूला केला होता, म्हणून डोंगर सरळ टेबलावर येऊन बसला होता, वरचा भाग अजून तांबूस. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. मी उभी राहिले. बसून बोललं असतं तरी चाललं असतं, पण मला आता उभं राहून बोलायची सवय झालीय.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या आम्ही काळ्या घळीवरून जाणार. मार्टरल मी घेऊन जाणार, आणि ते चॅपलपाशी नाही, तिथेच लागणार, लार्चच्या झाडावर. कार्यालयात सोमवारी मी सांगेन, शाळेची बस चुकली तरी चालेल. पट्टी कोरी असू दे, माझ्याजवळ पेन्सिल आहे, तिथे काही सुचलं तर तिघांनी मिळून लिहू. नाही सुचलं तर कोरीच लावू. आई, चादरी मी उतरून आल्यावर बदलते, तू तुझे बूट शोधून ठेव. बाबा, खिळे नि हातोडी तुझ्याकडे आहे आणि मला झाडात खिळा ठोकता येत नाही, तेव्हा गुडघ्याला आजच काय ते सांगून टाक. रोपवेने जायचं नाही, खालपासून चालत जायचं. आणि उजाडल्यावर निघायचं. पूर्ण उजाडल्यावर. घड्याळ कुणीही घालायचं नाही."